कोरडी पाठ

दुपारी रुळाचा टांगलेला तुकडा वाजला की वीटभट्टीवरची सगळी माणसं हातातलं काम टाकून एका रांगेत उभी राहायची, तोंड भट्टीकडे आणि पाठ मुकादमाकडे. मुकादम एका टोकापासून चालत यायचा आणि प्रत्येकाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, उजवा तळवा टेकवायचा. पाठ ओली लागली की तळवा पँटीच्या मांडीला पुसायचा आणि म्हणायचा, "बस." तो माणूस सावलीत जाऊन बसायचा आणि पिंपातलं पाणी प्यायचा. पाठ कोरडी लागली तर तळवा पुसायचं कारणच नसे. "एक फेरी," एवढंच तो म्हणायचा. म्हणजे बाकीचे पाणी पीत असताना त्याने विटांची आणखी एक फेरी मारायची आणि मग पाण्याला हात लावायचा.

वीस वर्षांत ह्या नियमाविरुद्ध कुणी ब्र काढला नव्हता. ज्याच्या अंगातलं पाणी गेलं त्याला पाणी आधी, ह्यात वाकडं काय होतं? मुकादमाच्या पँटीवर उजव्या मांडीला लाल मातीचा एक डाग पडलेला होता. बायकोने कितीही घासला तरी जात नसे, आणि मुकादमाला त्याचा अभिमान होता. "तोंडाने माणूस काय वाटेल ते बोलेल," तो म्हणायचा, "पाठ खोटं बोलत नाही." असले नियम करणारी माणसं स्वतःला फार न्यायी समजतात. मुकादमही समजायचा.

त्याला दोन मुलं. मोठी मुलगी दोन गावं पलीकडे दिलेली, लोखंडी सामानाचं दुकान असलेल्या घरात. तिला सातवा महिना होता. धाकटा मुलगा वीस वर्षांचा. त्याला भट्टीवर सगळे रेडकू म्हणायचे, कारण लहानपणी उन्हाळा लागला की तो जवळच्या डबक्यात जाऊन बसायचा तो ऊन उतरल्यावरच बाहेर यायचा. डोक्यावर केस अगदी विरळ, भुवया नावाला, डोळ्यांखालची कातडी म्हाताऱ्यासारखी चुरगळलेली. तोंडात मोजून सहा दात, तेही टोकदार. जेवण तो पाण्यात कालवून गिळायचा. उन्हाचं अंग तापायचं, आई त्याला पाण्यात बसवायची, मग ताप उतरायचा. बाप म्हणायचा, ह्याचा ताप हुशार आहे, काम दिसलं की येतो.

पोराने मात्र डोकं चालवून स्वतःपुरतं काम शोधलं होतं. भट्टीच्या मागे गाऱ्याचा खड्डा होता. मातीत पाणी आणि भुसा घालून ती पायांनी तुडवायची, थापायला मऊ करायची. हे काम कुणाला नको असायचं, पायाच्या बोटांमध्ये चिखल्या होतात. रेडकू खुशीत उतरायचा. गळ्यापर्यंत चिखल माखून घ्यायचा, वाळला की पुन्हा माखायचा आणि दोन माणसांचा गारा एकटा तुडवायचा. खड्ड्यातला माणूस मुळातच भिजलेला, त्याची पाठ बघून काय कळणार? म्हणून चार वर्षांत मुकादमाचा तळवा मुलाच्या पाठीवर एकदाही पडला नव्हता. बापलेकांचं बरं चाललं होतं ते ह्यामुळेच.

त्या वर्षी ऊन तापायला लागलं त्याच आठवड्यात मालकाने गारा मळायचं यंत्र आणलं. खड्डा बुजवला आणि त्याच्यावरच यंत्र बसवलं.

"तुझ्या पोराला काढत नाही," मालक मुकादमाला म्हणाला. "विटा वाहायला घाल."

"घालतो की."

"घरचा म्हणून लाड नकोत हां."

"लाड कसले, मालक? आमच्याकडे पाठ बघून पाणी मिळतं," मुकादम म्हणाला, आणि हसला.

पहिल्याच दुपारी रेडकू रांगेत उभा राहिला. शेजारी लांब्या होता. लांब्या म्हणजे भट्टीवरचा सगळ्यात उंच गडी आणि सगळ्यात लांब जीभ.

"मुकादम, आज घरची पाठ रांगेत आलीय," लांब्या म्हणाला. "हात जरा बेताने ठेवा."

मुकादमाने तळवा ठेवला. पाठ तापलेली होती आणि कोरडी ठाक होती. त्याने हात खाली सरकवून कमरेपाशी चाचपून बघितलं. तिथेही तेच.

"सकाळपासून सावली वाहत होतास काय रे?" लांब्या म्हणाला, आणि रांग हसली. बायकाही हसल्या.

"एक फेरी," मुकादम म्हणाला.

रेडकू गेला. दहा विटा डोक्यावर घेऊन भट्टीपर्यंत गेला, परत आला आणि विटांच्या थप्पीमागे जाऊन ओकला. त्याची आई तिथेच विटा थापत असायची. साचा बुडवायची बादली तिने त्याच्या डोक्यावर उपडी केली. तो भिंतीला टेकून बसून राहिला आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत राहिला.

"लोक माझ्याकडे बघून हसले," संध्याकाळी मुकादम बायकोला म्हणाला. "वीस वर्षांत कुणाची टाप नव्हती."

"त्याला घामच येत नाही हो. लहानपणापासून नाही."

"काम केलं की येतो. दगडालासुद्धा येईल."

त्याच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं, हे तिला चोवीस वर्षं माहीत होतं. ती ताटं उचलून बाहेर गेली.

दर बुधवारी भट्टीवर एक नर्सबाई यायची, गरोदर बायका आणि लहान मुलं तपासायला. त्या बुधवारी तिने थप्पीमागे बसलेल्या रेडकूला बघितलं आणि पिशवी खाली ठेवली.

"तोंड उघड," ती म्हणाली. मग आईला म्हणाली, "ह्याला घाम येतो का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता. आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नर्सबाईने एक पत्ता लिहून दिला. शहरात एक संस्था आहे, अशा मुलांच्या घरच्यांची, ती म्हणाली. दोन महिन्यांतून एकदा सगळे जमतात, डॉक्टरही येतात, काही पैसे पडत नाहीत. मुकादमाला काय सांगायचं हा प्रश्न होता. दात बघायला नेते, असं आईने सांगितलं.

शाळेच्या एका वर्गात ती बैठक होती. बाकांवर सात-आठ घरची माणसं बसलेली. आई दारातून आत आली आणि तिचे पाय जागीच थबकले. खिडकीपाशी तिचाच मुलगा बसला होता. तेच विरळ केस, तोच पुढे आलेला माथा, बसकं नाक, डोळ्यांखाली तीच चुरगळलेली कातडी. तिने चमकून मागे बघितलं. रेडकू मागेच उभा होता आणि तोही तिकडेच बघत होता.

खिडकीपाशी बसलेला मुलगा हसला. त्याचे दातही टोकदार होते. रेडकूही हसला. एरवी तो अनोळखी माणसापुढे तोंडावर हात ठेवून हसायचा, आज त्याला हाताची आठवणही झाली नाही. थोड्या वेळाने दोघं एका बाकावर बसले आणि तो दुसरा मुलगा त्याला मोबाईलवर काहीतरी दाखवायला लागला.

त्या मुलाची आई शिवणकाम करायची. तिने आईला शेजारी बसवून घेतलं.

"पहिल्यांदा मी पण अशीच दचकले होते," शिंपीणबाई म्हणाली. "म्हटलं, माझ्या नवऱ्याने आणखी कुठे घर केलंय की काय."

आईला हसू आलं आणि त्याच दमात हुंदका आला.

"घाम यायला कातडीत जे लागतं ते ह्यांच्या अंगात घडलंच नाही," शिंपीणबाई म्हणाली. "म्हणून आतली उष्णता आतच राहते. कामचुकार नाहीत हो ही पोरं. तुम्हाला भाऊ होता का?"

"होता. सात वर्षांचा असताना गेला. कापणीच्या दिवसांत, ऊन लागून."

"दात?"

आईला आठवलं, भावाला बाकीची पोरं बोळक्या म्हणायची.

"तुमचेही वरचे दोन आलेच नाहीत ना?" शिंपीणबाई म्हणाली. आईने ओठ मिटले. "लपवू नका, माझेही नाहीत. आपल्या बायकांना फारसा त्रास होत नाही, आपण नुसत्या पुढे देतो. मुलाला गेलं तर त्याला असं होतं. प्रत्येकाला जातंच असं नाही. मुलीला गेलं तर ती आणखी पुढे देते."

"म्हणजे माझ्याकडून आलं."

"माझ्याकडून आलं, तुमच्याकडून आलं. आपण काय मुद्दाम दिलं? तुम्हाला मुलगी आहे?"

"सातवा महिना लागलाय तिला."

शिंपीणबाईने तिचा हात धरला. "मग तिला आत्ताच सांगा. मुलगा झाला तर पहिला उन्हाळाच वाईट. तान्ह्या बाळाला ताप आला की डॉक्टर भलतंच औषध देत बसतात, तोवर वेळ निघून जाते. माझा थोरला तसाच गेला."

निघताना डॉक्टरांनी सही-शिक्क्याचा कागद दिला आणि संस्थेने एक निळं जाकीट दिलं. त्याला आतून कप्पे होते. कप्प्यांत घालायची पाकिटं फ्रिजमध्ये गार करायची, म्हणजे उन्हात दोन तास अंग थंड राहतं. "आणि हे नसेल तेव्हा शर्ट ओला ठेवायचा," शिंपीणबाई म्हणाली. "सतत. ओला शर्ट हाच ह्यांचा घाम."

परतीच्या गाडीत रेडकू सारखा बोलत होता. "आई, तो गाडी दुरुस्त करायला शिकतोय, सावलीत बसून. त्याच्या बापाने दुकानात पंखा लावून दिलाय. बाबांना सांगितलं तर—"

"नको सांगूस."

"का?"

"ताईचं बाळंतपण होऊ दे. मग सांगू."

त्याने कारण विचारलं नाही. कारण त्याला ठाऊक होतं. ताईला बघायला माणसं आली त्या दिवशी ह्याला सकाळपासून खड्ड्यात पाठवून दिलं होतं. तरी ताईच्या वरच्या दातांतली फट बघून तिच्या होणाऱ्या सासूने विचारलं होतं, घराण्यात काही आहे का? आणि आईने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, काही नाही. आता तोंड उघडायचं म्हणजे मुलीला पोटासकट परत बोलवायचं. दोन मुलं दोन पारड्यांत घालायची वेळ कुठल्या आईवर येऊ नये. हिच्यावर आली, आणि हिने दोघांनाही वाचवायचं ठरवलं. चूक झाली ती तिथे.

जाकीट घरात खिळ्याला टांगलं गेलं. फ्रिज फक्त मालकाच्या कचेरीत होता. तिथे पाकिटं ठेवायची तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं.

राहता राहिला शर्ट. आई रोज स्वच्छ पाण्याची एक बादली थप्पीमागे भरून ठेवायला लागली. रेडकू प्रत्येक फेरीला तिथून जायचा आणि ती त्याच्या पाठीवर तांब्या ओतायची. पहिल्याच दिवशी त्याला उलटी झाली नाही. रूळ वाजला तेव्हा तो रांगेत ताठ उभा होता.

मुकादमाने तळवा ठेवला. उचलून बघितला. पुन्हा ठेवला. मग पँटीच्या मांडीला पुसला, एरवी पुसायचा त्यापेक्षा बराच वेळ.

"बस," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला. "ए, त्याला आधी पाणी द्या रे."

लांब्यासुद्धा काही बोलला नाही. संध्याकाळी मुकादम घरात शीळ घालत होता. "पोरगं माणसात आलं," तो बायकोला म्हणाला. "कोवळं होतं, उशिरा तयार झालं इतकंच."

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिला वाटलं आत्ता सांगावं, आत्ता त्याचं मन मऊ आहे. मग तिच्या डोळ्यांपुढे विहीणबाईंचा चेहरा आला आणि तिने फुंकणी उचलली.

"आई," बाप बाहेर गेल्यावर रेडकू म्हणाला, "बाबांनी हात दोनदा ठेवला."

त्याला त्या हाताची चटक लागली. शेवटच्या फेरीला तो स्वतःच म्हणायचा, आई, अजून एक तांब्या, चांगला वरून ओत. अंग गार करायला मागतोय की बापाच्या तळव्यासाठी, हे तिला कळायचं. ती ओतायची.

पंधरा दिवसांनी मुकादमाने बक्षीस म्हणून त्याला भट्टीवर चढवायचं ठरवलं. भाजलेल्या विटा वरच्या थरापासून काढायच्या, हे भट्टीवरचं मानाचं काम.

"नको," आई म्हणाली. "त्याला अशक्तपणा आहे. डॉक्टर म्हणालेत."

"कुठला डॉक्टर?"

"दातांचा."

"दातांच्या डॉक्टरला पाठीतलं काय कळतंय? रोज माझ्या हाताला लागते त्याची पाठ."

"जातो मी, आई," रेडकू म्हणाला. "दोन शर्ट नेतो."

आग विझल्यावर भट्टी आठ-नऊ दिवस निवू द्यायची असते. त्या वेळी मालकाच्या दारात ट्रक उभा होता, म्हणून पाचव्या दिवशीच फोडली. विटा हातात धरवत नव्हत्या. माणसांनी हातांना गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळल्या. खालून धग, वरून ऊन. रेडकूचा ओला शर्ट वर पोचेपर्यंत वाळला. दुसराही वाळला.

आई बादली घेऊन उतारावरून वर चढली. त्याच्या डोक्यावर, पाठीवर पाणी घातलं. त्याचा चेहरा विटेसारखा लाल झाला होता. "उतर खाली," ती म्हणाली. "रूळ वाजू दे," तो म्हणाला. ती दुसऱ्यांदा बादली घेऊन आली तेव्हा वरच्या थरावर लांब्या होता. त्याने बघितलं, आणि लांब्याच तो, गप्प कसा बसेल?

"मुकादम!" तो वरून ओरडला. "या बघायला! तुमच्या पोराचा घाम बादलीतून येतोय!"

सगळी भट्टी हसली. मालकाच्या ट्रकचा ड्रायव्हरही हसला, ज्याचा ह्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता. मुकादम उतारावरून वर आला. त्याने बादलीत बघितलं, मग बायकोकडे.

"रोज?" त्याने विचारलं.

तिने बादली खाली ठेवली.

"रोज हे पाणी होतं? मी लोकांसमोर हात पुसत होतो, आणि हे पाणी होतं? दोघांनी मिळून मला येडा बनवलंत?"

"बाबा, मला—" रेडकूने तोंड उघडलं आणि आईकडे बघितलं. आईने मान हलवली. जेमतेम, बोटभर. त्याने तोंड मिटलं.

मुकादमाने बादली लाथाडली. "खाली हो," तो बायकोला म्हणाला. "पुन्हा इकडे फिरकलीस तर बघ."

ती खाली उतरली. साचा हातात घेतला, पण एक वीट धड पडली नाही. रूळ वाजला तेव्हा ती धावतच रांगेत आली. रेडकू पलीकडच्या टोकाला उभा होता, किंचित डुलत. मुकादम चालत चालत त्याच्यापाशी पोचला. सगळे बघत होते. तळवा ठेवला आणि तसाच उचलला.

"कोरडी," तो मोठ्याने म्हणाला. आजवर तो कुणाला हे असं बोलून दाखवत नसे. "एक फेरी."

"त्याला पाणी द्या हो!" आई ओरडली. "आधी पाणी द्या!"

"सगळ्यांना एकच नियम."

रेडकू वळला. उतार चढला, तापलेल्या सहा विटा छातीशी धरून वळला आणि खाली यायला लागला. निम्म्या उतारावर त्याने एक पाऊल टाकलं आणि पुढचं टाकायचं विसरल्यासारखा थांबला. विटा आधी पडल्या. मग तो पडला.

त्याला विटांच्याच ट्रकमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बर्फ मागवला, काखेत, मानेला, जांघेत लावला. अंगाला झटके येत होते.

"ह्याला घाम येतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

मुकादम काही बोलणार तेवढ्यात बायकोने चोळीतून घडी केलेला कागद काढून पुढे केला. महिनाभर तिथेच ठेवल्यामुळे तो मऊ पडला होता, तिच्या घामाने शाई थोडी पसरली होती. डॉक्टरांनी वाचला.

"ह्याला उन्हात आणि आगीजवळ काम देऊ नका असं स्पष्ट लिहिलंय," ते म्हणाले. "मग हा भट्टीवर काय करत होता?"

ऊन उतरलं आणि रेडकू गेला. लहानपणी तो ह्याच वेळेला डबक्यातून बाहेर यायचा.

"मला का सांगितलं नाहीस?" परत येताना मुकादमाने विचारलं.

"मुलीचं घर," ती म्हणाली.

त्याने कागद मागून घेतला, उलटसुलट करून बघितला आणि परत दिला. लोकांना त्याने सांगितलं, ऊन लागलं. विहिणीकडेही तोच निरोप गेला. ह्यानंतर ती दोघं एकमेकांशी कामापुरती बोलायची. आपण दोघांनी मिळून त्याला मारलं, हे दोघांनाही कळत होतं आणि कुणाचा वाटा किती हे ठरवायची हिंमत कुणातच नव्हती.

मुकादमाने पुन्हा कुणाच्या पाठीला हात लावला नाही. दुपारी रूळ वाजला की तो नुसता उभा राहायचा. अशाने काम कसं चालायचं? मालकाने मुकादमकी लांब्याला दिली. लांब्याने तळवा ठेवायची रीत सोडली नाही. जुना मुकादम आता विटा वाहायचा आणि रांगेत पाठ करून उभा राहायचा. लांब्या त्याच्यापाशी आला की हात जेमतेम टेकवून म्हणायचा, "बसा." आणि पँटीला पुसायचा.

मुलगी बाळंत झाली. मुलगा झाला. बाळ चाळीस दिवसांचं झाल्यावर विहीणबाई, जावई आणि मुलगी त्याला घेऊन आले. पाऊस अजून पडला नव्हता. पत्र्याखाली बसवत नव्हतं.

बाळ रडतच आलं. "दुपारचं नुसतं रडतं," विहीणबाई म्हणाल्या. "ताप असतो, संध्याकाळी आपोआप उतरतो. तीन औषधं झाली. आजोबांसारखं हट्टी दिसतंय."

आईने बाळाला मांडीवर घेतलं. टोपडं बांधलेलं, अंगात जाड झबलं, वर दुपटं. तिने टोपड्याच्या गाठीला हात घातला.

"काढू नकोस, आई," मुलगी घाईने म्हणाली. "गारठेल."

ह्या उकाड्यात. आईने मुलीकडे बघितलं. मुलगी जमिनीकडे बघत होती. ती काय लहान होती? भावाला डबक्यावरून आणायला रोज तीच जायची. डोळ्यांखालची ती चुरगळलेली कातडी तिला दिसली नसेल असं कसं होईल?

"आण इकडे," मुकादम म्हणाला.

त्याने बाळाला खांद्याशी धरलं आणि उजवा तळवा झबल्याखाली घालून पाठीवर ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. ठेवला तो बराच वेळ काढला नाही. बाळ त्याच्या कानाशी किंचाळत होतं.

"काय हो मुकादम," विहीणबाई हसल्या, "नातवालाही रांगेत उभं केलंत की काय?"

"घाम फुटलाय बिचाऱ्याला," मुकादम म्हणाला. "उकाडा आहे. दुसरं काही नाही." आणि त्याने तळवा पँटीच्या मांडीला पुसला.

आईने त्याच्या पँटीकडे बघितलं. तो सकाळीच कामावरून आला होता, मांडीवर विटांची भुकटी होती. ओला हात पुसला की तिथे लाल चिखलाचा पट्टा उठतो, वीस वर्षं ती तो घासत आली होती. आता नुसती भुकटी उडाली होती.

"ओली नाही," ती म्हणाली.

"आई, गप्प बस," मुलगी म्हणाली.

"कोरडी आहे. माझ्या भावाची होती. माझ्या पोराची होती. ते ऊन लागून मेले नाहीत, आम्ही गप्प बसलो म्हणून मेले. विहीणबाई, हे माझ्याकडून आलंय. हिला काही माहीत नव्हतं."

"आई, तुझ्या पाया पडते, गप्प बस!"

विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे लग्नाआधी मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही—"

"खोटं बोलले," आई म्हणाली. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. नवऱ्याच्या हातातून तिने बाळ घेतलं, दुपटं, झबलं, टोपडं सगळं काढून टाकलं, डोक्यावरचं फडकं घागरीत बुडवलं आणि बाळाच्या पाठीवर पसरलं. बाळाने दोनदा दचकून श्वास घेतला. मग त्याचं रडणं थांबलं. घरात एकदम इतकी शांतता झाली की विहीणबाईंनी चपला पायात सरकवल्या तेही ऐकू आलं.

"चल रे," त्या मुलाला म्हणाल्या. जावई बायकोकडे न बघता उठला. बाळाकडे एकदा बघितलं, आणि विहीणबाईंच्या मागून निघून गेला.

"मोडलंस," मुलगी म्हणाली. "माझं घर मोडलंस. तुला बरं वाटलं?"

आई नवऱ्याला म्हणाली, "मालकाकडे जा. फ्रिजमध्ये जागा माग. कशाला पाहिजे ते सांग."

मुकादमाने खिळ्यावरचं निळं जाकीट काढलं. कप्प्यांतली पाकिटं एकेक करून बाहेर घेतली आणि तो उन्हात उतरला. कचेरीच्या वाटेवर लांब्या भेटला. "काय घेऊन चाललात हो?" त्याने विचारलं. मुकादम थांबला आणि त्याने सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, सगळ्या भट्टीला ऐकू जाईल अशा आवाजात. कुणी हसलं नाही.

घरात मुलगी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. मग बाळ पुन्हा कुरकुरायला लागलं. ती उठली, आईच्या हाताखालचं फडकं तिने हिसकून घेतलं. ते वाळत आलं होतं. तिने ते घागरीत बुडवलं, पिळलं आणि बाळाच्या पाठीवर घातलं. आईशी ती एक शब्दही बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कितीतरी दिवस नाही.